वाशिमवरून सुटलेलं मिसाईल परभणीवरचं विमान पाडू शकतं, मग डॉगफाईटचं काय? ओझरच्या कारखान्यातली तीन विमानं सांगतात लढाऊ विमानांचं भविष्य

वाशिम जिल्ह्यात हवाई दलाचा तळ नाही, साधं प्रवासी विमानतळही नाही. उंचावरून पांढरी रेघ ओढत एखादं विमान गेलं की पोरं खालून हात करतात, तेवढाच आपला विमानांशी संबंध. तरी आजचा विषय समजून घ्यायला आपण वाशिमचाच नकाशा घेणार आहोत. कारण हवाई युद्धात नेमकं काय बदललं हे मॅक, रडार, जनरेशन असल्या शब्दांनी कळत नाही, अंतराने लगेच कळतं.

समजा, वाशिम शहराच्या बरोबर वर, दहा किलोमीटर उंचीवर एक लढाऊ विमान उडतंय. १९७१ च्या युद्धात अशा विमानाला शत्रूचं विमान पाडायचं असेल, तर त्याच्या मागे काही शे मीटरपर्यंत जाऊन तोफ चालवावी लागायची. मिसाईल होती, पण तीही दोन-चार किलोमीटरची. म्हणजे शिकार आणि शिकारी दोघंही वाशिम शहरावरच.

पुढे उष्णतेचा माग काढणारी चांगली मिसाईल्स आली, तेव्हा मालेगाव जहांगीरवर असलेलं विमान टप्प्यात आलं. साधारण वीस किलोमीटर. आज भारताच्या ‘अस्त्र’ मिसाईलचा पल्ला सुमारे १०० किलोमीटर सांगितला जातो, म्हणजे सरळ रेषेत वाशिम ते परभणी. चीनच्या पीएल-१५ या मिसाईलच्या निर्यातीच्या आवृत्तीचा जाहीर पल्ला १४५ किलोमीटर आहे, म्हणजे जालन्याच्याही थोडं पलीकडे. आणि जमिनीवरून डागल्या जाणाऱ्या एस-४०० चा विचार केला तर ३०० किलोमीटरहूनही जास्त, म्हणजे शिर्डी ओलांडून पुढे.

आता सांगा, वाशिमवरच्या पायलटला परभणीवरचं विमान डोळ्यांनी दिसेल का? नाही दिसणार. म्हणजे ज्याला मारायचं त्याला न बघताच मारायचं, आणि आपल्याला मारणारा आपल्यालाही दिसणार नाही. पुढच्या पन्नास वर्षांची लढाऊ विमानं कशी दिसतील, हे याच एका गोष्टीवरून ठरतंय.

आणि हा सगळा बदल महाराष्ट्रातल्या एकाच कारखान्यात बघता येतो.

ओझर मिग

नाशिकहून मुंबई-आग्रा हायवेने धुळ्याच्या दिशेला निघालं की निफाड तालुक्यातलं ओझर लागतं. इथल्या वसाहतीला लोक आजही ‘ओझर मिग’ म्हणतात. हिंदुस्तान एरोनॉटिक्स लिमिटेड, म्हणजे एचएएलचा हा कारखाना १९६४ साली मिग-२१ बनवण्यासाठी उभा राहिला. तेव्हा देशाचे संरक्षणमंत्री यशवंतराव चव्हाण होते आणि १९६३ च्या पोटनिवडणुकीत ते नाशिकमधूनच बिनविरोध खासदार झाले होते. काम तीन ठिकाणी वाटलं गेलं. विमानाचा सांगाडा ओझरला, इंजिन ओडिशातल्या कोरापुटला आणि इलेक्ट्रॉनिक्स हैदराबादला.

या कारखान्यातून आलेली तीन विमानं लक्षात ठेवा. मिग-२१, सुखोई-३० एमकेआय आणि आता तेजस मार्क-१ए. ही तीन नावं म्हणजे हवाई युद्धाच्या तीन वेगवेगळ्या समजुती आहेत.

मिग-२१ ची समजूत होती वेग. आवाजाच्या दुप्पट वेगाने वर जायचं, मिसाईल मारायचं, परत यायचं. त्या काळी जगभरातल्या डिझायनरांना वाटत होतं की मिसाईल आलं म्हणजे जवळची मारामारी संपली. म्हणून आपल्याकडे आलेल्या मिग-२१ एफएल विमानात अंगची तोफच नव्हती. १९६५ च्या युद्धाने हा गैरसमज दूर केला. मग पोटाखाली २३ मिलिमीटरच्या तोफेचं वेगळं पॅक लावायची सोय झाली. १२ डिसेंबर १९७१ ला कच्छच्या आखातावर भारतीय मिग-२१ ने पाकिस्तानचं एफ-१०४ स्टारफायटर पाडलं, ते याच तोफेनं.

ही गोष्ट मुद्दाम सांगितली. ‘आता डॉगफाईट संपली’ ही घोषणा पहिल्यांदा होत नाहीये. साठ वर्षांपूर्वीही झाली होती आणि तेव्हा ती चुकली होती. त्यामुळे आज कुणी छातीठोकपणे तेच सांगत असेल तर थोडं थांबून ऐकावं.

दुसरं विमान सुखोई. २००२ मध्ये पुण्याच्या लोहगाव तळावर ते हवाई दलात दाखल झालं आणि २००४ पासून ओझरला बनलेली सुखोई मिळायला लागली. मूळ ऑर्डरच्या २७२ विमानांपैकी २२२ एचएएलने बनवायची होती. सुखोईची समजूत होती चपळाई. इंजिनाच्या मागचं नळकांडंच वळतं, त्यामुळे विमान हवेत नाक वर करून जवळपास थांबल्यासारखं दिसतं आणि पुन्हा पुढे झेपावतं. एअर शोमध्ये टाळ्या मिळतात त्या यालाच. मागे शेपटी, पुढे पंखांच्या आधी आणखी दोन छोटे पंख, दोन इंजिनं, दोन पायलट, पूर्ण भरल्यावर ३८ टनांहून जास्त वजन. जवळच्या मारामारीत हा गडी अवघड आहे.

पण परभणीवरून मिसाईल सुटलं असेल तर या कसरतींचा उपयोग किती? आणि एवढं मोठं विमान, तेही बाहेर मिसाईल्स लटकवून, रडारवर दिसतं कसं? भलंमोठं दिसतं. म्हणूनच आता जुन्या सुखोईंना नवं रडार, नवी इलेक्ट्रॉनिक यंत्रणा बसवण्याची योजना आहे. लोक तिला ‘सुपर सुखोई’ म्हणतात. ध्यानात घ्या, पंख बदलायचे नाहीयेत. बदलायचे आहेत ते डोळे, कान आणि मेंदू.

तिसरं विमान तेजस मार्क-१ए. १७ ऑक्टोबर २०२५ ला ओझरला बनलेल्या पहिल्या मार्क-१ए ने संरक्षणमंत्री राजनाथ सिंह यांच्या उपस्थितीत उड्डाण केलं. सुखोई जवळपास २२ मीटर लांब, तर तेजस १३ मीटरच्या आसपास. तेजसच्या सांगाड्यात धातूऐवजी कार्बन कंपोझिटचा मोठा वाटा आहे. पण जुन्या तेजसमध्ये आणि मार्क-१ए मध्ये बाहेरून बघितलं तर आपल्यासारख्याला फारसा फरक दिसणार नाही. फरक आत आहे. नव्या प्रकारचं एईएसए रडार, शत्रूच्या रडारला चकवणारा जॅमर, नवा मिशन कॉम्प्युटर.

रडार म्हणजे जागलीची बॅटरी

विदर्भातल्या माणसाला रडार समजवायला पुस्तक लागत नाही. रात्री शेतात जागलीला गेलेला माणूस आठवा. तुरीत रोही किंवा रानडुक्कर शिरलंय का हे बघायला तो बॅटरी मारतो. प्रकाश जातो, जनावराच्या अंगावर आपटतो, परत येतो, तेव्हा ते दिसतं. रडार हेच करतं, फक्त प्रकाशाच्या जागी रेडिओ लहरी.

आता यातली गोम बघा. बॅटरीचा प्रकाश जनावरापर्यंत जाऊन परत यायला हवा, तेव्हा तुम्हाला ते दिसणार. पण जनावराला तुमची बॅटरी दिसायला प्रकाश एकदाच जायला पुरे. म्हणजे तुम्ही त्याला बघण्याच्या कितीतरी आधी त्याने तुम्हाला बघितलेलं असतं. लढाऊ विमानाचंही तसंच. रडार लावलं की शत्रूच्या विमानातला इशारा देणारा रिसीव्हर ओरडायला लागतो की कुणीतरी बॅटरी मारतंय, अमुक दिशेने.

जुन्या रडारची थाळी इकडून तिकडे फिरायची. एईएसए रडारमध्ये थाळी फिरत नाही, शेकडो छोटे छोटे ट्रान्समीटर एका पाटावर बसवलेले असतात. ते प्रत्येक वेळी लहर बदलतात, एका क्षणात इकडे तर दुसऱ्या क्षणात तिकडे बघतात. त्यामुळे ही बॅटरी ओळखणं आणि जॅम करणं दोन्ही अवघड जातं.

पण सगळ्यात हुशार उपाय वेगळाच आहे. शेतात तीन माणसं आहेत. एकजण लांबच्या धुऱ्यावर बसून बॅटरी मारतो, दुसरे दोघं अंधारात चुपचाप बसलेत आणि फोनवर त्याला विचारतायत, ‘कुठे आहे?’ जनावराला फक्त लांबची बॅटरी दिसते. अंधारातले दोघं दिसतच नाहीत.

हवेत या फोनला डेटालिंक म्हणतात. लांब मागे उडणारं ‘नेत्र’सारखं टेहळणी विमान बघतं, जमिनीवरची रडारं बघतात, आणि पुढचा पायलट स्वतःचं रडार बंद ठेवून मिसाईल सोडतो. बघणारा एक, मारणारा दुसरा आणि मिसाईलला वाटेत दिशा सांगणारा कदाचित तिसराच.

मग फोन तुटला तर? २७ फेब्रुवारी २०१९ ला, बालाकोटच्या दुसऱ्या दिवशी, अभिनंदन वर्धमान यांचं मिग-२१ बायसन पडलं तेव्हा रेडिओ संपर्क जॅम झाल्याच्या बातम्या आल्या होत्या. परत फिरण्याचा निरोप त्यांच्यापर्यंत पोहोचलाच नाही, असं त्यात म्हटलं होतं.

त्याच सकाळी आणखी एक गोष्ट घडली, जी नाशिककर विसरलेले नाहीत. श्रीनगरजवळ बडगाममध्ये हवाई दलाचं एमआय-१७ हेलिकॉप्टर कोसळलं. सहा हवाई जवान गेले, खाली जमिनीवर एक नागरिक गेला. त्या सहांमध्ये नाशिकचे स्क्वाड्रन लीडर निनाद मांडवगणे होते. चौकशीत निघालं की हेलिकॉप्टरला आपल्याच मिसाईलने पाडलं होतं. तत्कालीन हवाई दल प्रमुख राकेश कुमार सिंह भदौरिया यांनी ही आपली मोठी चूक असल्याचं जाहीरपणे मान्य केलं.

न बघता मारायच्या युद्धाची ही दुसरी बाजू आहे. स्क्रीनवर फक्त एक ठिपका असतो. तो आपला की त्यांचा, हे सांगणारी यंत्रणा चालू नसेल, किंवा चालू असून कुणी विचारलं नसेल, तर मिसाईलला काही फरक पडत नाही. आपल्या फीडमध्ये मिसाईलच्या पल्ल्यावर शेकडो पोस्ट येतात, ओळख पटवण्याच्या यंत्रणेवर एकही येत नाही.

पल्ला १५० किलोमीटर, पण खरा किती?

मे २०२५ मध्ये ऑपरेशन सिंदूरच्या वेळी दोन्ही बाजूंची विमानं आपापल्या हद्दीत राहून लढली. पीएल-१५ मिसाईलचे अवशेष पंजाबातल्या होशियारपूरमध्ये सापडले. भारताची विमानं पडली हे सरसेनाध्यक्ष जनरल अनिल चौहान यांनी ३१ मे ला सिंगापूरमध्ये मान्य केलं. आकडा दिला नाही, मात्र सहा विमानं पाडल्याचा पाकिस्तानचा दावा साफ फेटाळला. पुढे ९ ऑगस्टला हवाई दल प्रमुख ए. पी. सिंह यांनी सांगितलं की एस-४०० ने पाकिस्तानची किमान पाच लढाऊ विमानं आणि एक मोठं टेहळणीचं विमान पाडलं, आणि ते मोठं विमान तर सुमारे ३०० किलोमीटरवरून. पाकिस्तानने हे नाकारलं. कुणाचं किती पडलं यावर सोशल मीडियावर अजूनही युद्ध चालूच आहे, त्यात आपण पडायला नको.

पण एक गोष्ट समजून घेतली तर यातल्या निम्म्या पोस्ट तुम्ही स्वतःच तपासू शकाल. मिसाईलचं इंजिन पूर्ण प्रवासभर जळत नाही. बहुतेक मिसाईल्समध्ये ते काही सेकंद जळतं, प्रचंड वेग देतं आणि विझतं. पुढचा प्रवास फेकलेल्या दगडासारखा, मिळालेल्या वेगावर. शंभर किलोमीटर जायला दीड-दोन मिनिटं लागतात. ताशी ९०० किलोमीटरने उडणारं विमान दोन मिनिटांत ३० किलोमीटर सरकतं. पायलटला वेळेत इशारा मिळाला, त्याने विमान उलटं वळवलं आणि पळ काढला, तर दमलेलं मिसाईल त्याला गाठू शकत नाही.

म्हणून जाहिरातीतला पल्ला आणि खरा पल्ला यात खूप अंतर असतं. पायलट ज्या टप्प्याला घाबरतात तो म्हणजे जिथून काहीही केलं तरी सुटका नाही तो टप्पा, आणि तो जाहिरातीपेक्षा बराच लहान असतो. राफेलवरच्या मीटिऑर मिसाईलचं नाव एवढं का घेतात? त्याचं इंजिन हवा घेऊन जास्त वेळ जळतं आणि गरजेप्रमाणे जोर कमी-जास्त करतं. शेवटी पळायची ताकद शिल्लक ठेवतं. आपली डीआरडीओ याच तत्त्वावर चालणाऱ्या इंजिनाच्या चाचण्या घेत आहे.

न दिसण्याचं गणित

मग डिझायनरने काय करावं? मिसाईलपेक्षा जोरात पळता येत नाही. राहिला एकच मार्ग, उशिरा दिसायचं. हेच ते स्टेल्थ.

स्टेल्थ विमान रडारवर अजिबात दिसत नाही, हा समज चुकीचा आहे. ते उशिरा दिसतं, म्हणजे जवळ आल्यावर दिसतं. आणि यामागचं गणित फार कडक आहे. रडार किती अंतरावरून पकडेल हे विमानाच्या रडारवरच्या ‘आकाराच्या’ चौथ्या मुळावर अवलंबून असतं. सोप्या भाषेत, अंतर निम्मं करायचं तर रडारवरचा आकार निम्मा करून भागत नाही, सोळावा हिस्सा करावा लागतो. अंतर दहा पट कमी करायचं तर आकार दहा हजार पट कमी.

उदाहरणासाठी पुन्हा वाशिम. वाशिमवरचं रडार एखादं साधं लढाऊ विमान २०० किलोमीटरवरून पकडतं असं धरू, म्हणजे साधारण छत्रपती संभाजीनगरवर असतानाच. रडारवरचा आकार दहा हजार पट कमी केला, तर तेच विमान २० किलोमीटरवर, मालेगाव जहांगीरला पोहोचेपर्यंत दिसणार नाही. संभाजीनगर ते मालेगाव, एवढा मोकळा रस्ता पायलटला मिळाला.

दहा हजार पट कमी करायचं कसं? विमान छोटं करून होत नाही. उन्हात पितळी परात धरून बघा. सरळ धरली तर समोरच्याच्या डोळ्यांवर झळाळी जाते, थोडी तिरकी केली की झळाळी भलतीकडे. स्टेल्थ विमानाच्या सगळ्या कडा आणि पृष्ठभाग असे तिरके असतात की लहर परत रडारकडे न जाता दुसरीकडे जावी. उरलेली लहर शोषायला खास लेप. आणि बाहेर काहीही लटकवायचं नाही. मिसाईल पोटात, इंधन पोटात.

इथे खरी किंमत मोजावी लागते. पोटात मिसाईल ठेवायची म्हणजे विमान फुगणार, मिसाईल्स कमी मावणार, पोटाचे दरवाजे उघडायची यंत्रणा वाढणार. लेप नाजूक असतो, त्याची निगा राखायला तास न् तास जातात. तेजस १३ मीटरचं छोटं विमान, रडारवर मुळातच बारीक दिसतं. पण मिसाईल्स आणि इंधनाच्या टाक्या त्याच्या पंखाखाली लटकतात. त्याला कितीही सुधारलं तरी ते स्टेल्थ होणार नाही.

त्यासाठी वेगळं विमान लागतं आणि ते आहे एएमसीए, म्हणजे ॲडव्हान्स्ड मीडियम कॉम्बॅट एअरक्राफ्ट. सुमारे २५ टनांचं, दोन इंजिनांचं, पोटात शस्त्रं ठेवणारं. बंगळुरूची एरोनॉटिकल डेव्हलपमेंट एजन्सी त्याचं डिझाईन करतेय. मार्च २०२४ मध्ये केंद्र सरकारने सुमारे १५ हजार कोटींच्या विकास कार्यक्रमाला मंजुरी दिली. पाच प्रोटोटाईप बनणार आहेत. हवाई दलाच्या हातात तयार विमान पडायला मात्र २०३५ च्या आसपास वेळ लागेल, असं अधिकृत वेळापत्रकच सांगतं.

शेपटी गेली, पायलटही जाणार?

२६ डिसेंबर २०२४ ला चीनमध्ये दोन अनोळखी विमानं उडताना दिसली आणि लोकांनी मोबाईलवर काढलेले फोटो जगभर फिरले. दोन्हींना मागची उभी शेपटी नव्हती. तीन महिन्यांत, २१ मार्च २०२५ ला अमेरिकेने बोईंगला एफ-४७ चं कंत्राट दिल्याचं जाहीर केलं. ब्रिटन, इटली आणि जपान मिळून २०३५ पर्यंत नवं विमान आणू म्हणतात.

शेपटी का काढतात? उभी शेपटी बाजूने रडारला भिंतीसारखी दिसते. पण शेपटी विमानाला सरळ ठेवते. ती काढली तर कॉम्प्युटरने सेकंदाला कितीतरी वेळा पंखाच्या कडा हलवून तोल सांभाळायचा. तेजसमध्येही हे तत्त्व आहे. ते विमान मुद्दामच अस्थिर बनवलंय आणि कॉम्प्युटर बंद पडला तर माणूस ते उडवूच शकणार नाही. शेपटीशिवायचं विमान हे त्याच्या पुढचं पाऊल.

नव्या विमानांचा दुसरा प्रश्न फार कमी लोकांच्या लक्षात येतो, तो म्हणजे उष्णता. मोठं रडार, जॅमर, कॉम्प्युटर यांना भरपूर वीज लागते, वीज म्हणजे गरमी, आणि गरमी बाहेर फेकली की उष्णता बघणाऱ्या सेन्सरला विमान दिसतं. अमेरिकेच्या एफ-३५ मध्ये नवी उपकरणं बसवताना थंड करण्याची क्षमताच कमी पडायला लागली. त्यामुळे पुढच्या इंजिनांकडून फक्त जोर नाही, वीज आणि गारवाही मागितला जातोय.

आणि पायलट? ऑगस्ट २०२० मध्ये अमेरिकेच्या डार्पा संस्थेने घेतलेल्या सिम्युलेटर स्पर्धेत एआयने एफ-१६ च्या अनुभवी पायलटला ५-० ने हरवलं. पण त्यात एआयला शत्रू कुठे आहे हे पूर्ण माहीत होतं आणि फक्त तोफेची लढाई होती. म्हणजे परीक्षेत पेपर आधीच मिळाल्यासारखं. पुढे एआयने खरं एफ-१६ जातीचं विमान उडवलं, २०२४ मध्ये अमेरिकी हवाई दलाचे तत्कालीन सचिव फ्रँक केंडल स्वतः त्यात बसले. २०२५ मध्ये स्वीडनच्या ग्रिपेनवर दुरून मारायच्या लढाईसाठी एआयच्या चाचण्या झाल्या.

तरी कुणीच लगेच पायलट काढून टाकत नाहीये. ठरतंय ते असं की पायलट असलेल्या एका महागड्या विमानासोबत दोन-चार बिनपायलटची स्वस्त विमानं पाठवायची. जागलीच्या गोष्टीतला धुऱ्यावर बॅटरी मारणारा माणूस आठवतो? ते धोक्याचं काम या यंत्रांनी करायचं. पडलं तर पडलं, माणूस मरणार नाही, पकडला जाणार नाही. बिनपायलटच्या विमानाला खुर्ची, ऑक्सिजन, इजेक्शन सीट काहीच लागत नाही. अमेरिकेची अशी दोन विमानं २०२५ मध्ये उडाली. भारतात एचएएल ‘कॅट्स वॉरियर’ नावाचं असंच विमान बनवतंय आणि त्याच्या जमिनीवरच्या चाचण्या सुरू झाल्या आहेत. त्याहून छोट्या पातळीवर बघायचं तर नागपूरच्या सोलर ग्रुपचं नागास्त्र-१ लष्करात दाखलही झालंय. ते लढाऊ विमान नाही, लक्ष्यावर घिरट्या घालून त्यावरच कोसळणारं ड्रोन आहे. पण जिथे आधी पायलट पाठवावा लागायचा तिथलं काही काम ते करतं.

मग ओझरचं काय?

आता परत कारखान्यात येऊ, कारण खरी गोची इथे आहे.

२६ सप्टेंबर २०२५ ला चंदीगडमध्ये मिग-२१ ने ६२ वर्षांनी निरोप घेतला. हवाई दलाला मंजूर आहेत ४२ स्क्वाड्रन, मिग गेल्यावर उरल्या २९. एका स्क्वाड्रनमध्ये साधारण १६ ते १८ विमानं धरा आणि हिशोब करा, किती विमानं कमी आहेत.

ही जागा तेजस मार्क-१ए ने भरायची आहे. फेब्रुवारी २०२१ मध्ये ८३ विमानांचा करार झाला, २५ सप्टेंबर २०२५ ला आणखी ९७ विमानांचा, ६२,३७० कोटींचा. सुटे भाग आणि इतर सामान धरून एका विमानामागे साधारण ६४३ कोटी पडतात. पहिल्या कराराचं पहिलं विमान मार्च २०२४ पर्यंत मिळायचं होतं, ते मिळालं नाही. बंगळुरूच्या दोन लाईन कमी पडतात म्हणून ओझरची तिसरी लाईन सुरू केली. वर्षाला आठ विमानं तिची क्षमता, तिन्ही मिळून २४.

पण ओझरमध्ये सांगाडा वेळेत तयार झाला तरी त्यात बसणारं एफ-४०४ इंजिन अमेरिकेतून जनरल इलेक्ट्रिककडून येतं. २०२१ मध्ये ९९ इंजिनांची ऑर्डर दिली, पहिलं इंजिन मार्च २०२५ मध्ये मिळालं. चार वर्षं. साठच्या दशकात विमानाचं तंत्रज्ञान मॉस्कोवर अवलंबून होतं, आज इंजिनासाठी अमेरिकेच्या कारखान्याकडे डोळे लागलेत. एएमसीएसाठी फ्रान्सच्या साफ्रानसोबत मिळून नवं इंजिन बनवायचं ठरतंय ते यामुळेच. पण इंजिन बनवणं हे विमान बनवण्यापेक्षाही वेळखाऊ काम आहे, आणि सुरुवातीची एएमसीए विमानं जनरल इलेक्ट्रिकच्याच एफ-४१४ वर उडणार आहेत.

दुसरी गोष्ट नाशिकच्या दृष्टीने जास्त महत्त्वाची. आजवर लढाऊ विमान बनवायचं म्हणजे एचएएल, हे ठरलेलं होतं. मिग आलं, सुखोई आलं, तेजस आलं, काम आपसूक ओझरला आलं. एएमसीएच्या बाबतीत मे २०२५ मध्ये सरकारने वेगळा नियम केला. खासगी कंपन्या आणि सरकारी कंपन्या एकाच रांगेत उभ्या राहून बोली लावतील. एचएएललाही त्याच रांगेतून यावं लागणार होतं.

तिकडे डिसेंबर २०२४ मध्ये आणखी १२ सुखोईंची सुमारे १३,५०० कोटींची ऑर्डर मिळालीय. तेजसची लाईन चालू आहे, एचटीटी-४० या ट्रेनर विमानाची लाईनही तिथेच आहे. म्हणजे या दशकापुरतं ओझरच्या हँगरमध्ये काम आहे. पोटात मिसाईल घेऊन उडणाऱ्या विमानाचा सांगाडा मात्र तिथे बनेल की दुसऱ्या कुणाच्या शेडमध्ये, हे बोलीच्या कागदांवर ठरेल. ते विमान कुठेही बनलं तरी वसाहतीचं नाव बहुतेक ओझर मिगच राहील, लोकांच्या तोंडून ते काही जाणार नाही.